सूत्राआधी मोजणी

रसायनशास्त्राच्या वाटेवर ज्या पायरीपाशी पुष्कळ विद्यार्थी अडखळतात, ती पायरी म्हणजे 'मोल'. नववीत या शब्दाची तोंडओळख होते आणि अकरावीत त्यावरील उदाहरणांचा भडिमार सुरू होतो. वस्तुमान भागिले रेणुवस्तुमान, मोल भागिले लिटर, ही सूत्रे मुखोद्गत होतात. परंतु भागाकाराचे उत्तर आले म्हणजे नेमके काय हाती आले, हे मात्र सांगता येत नाही.

वस्तुतः कल्पना साधी आहे. डझन म्हणजे जसे बारा नग, तसे मोल म्हणजे कणांची एक ठरलेली संख्या. 2019 साली अमलात आलेल्या व्याख्येने ती 6.02214076 × 10²³ अशी निश्चित केली आहे. पदार्थांचे कण वजन पाहून नव्हे, तर संख्या पाहून संयोग पावतात. 4 ग्रॅम हायड्रोजनला 32 ग्रॅम ऑक्सिजन लागतो आणि 36 ग्रॅम पाणी तयार होते. वजनाच्या भाषेत एकास आठ असणारे हे प्रमाण मोलांच्या भाषेत दोनास एक असते, आणि संतुलित समीकरण तेच सांगते.

हे न उमजल्याने केवळ परीक्षेतील गुण जातात, असे समजण्याचे कारण नाही. 1971 साली बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीने थैमान घातले असता डॉ. दिलीप महालनबीस यांनी ज्या जलसंजीवनीने रुग्णांचे प्राण वाचविले, तिचेच उदाहरण घ्यावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2002 सालच्या सूत्रानुसार लिटरमागे ग्लुकोज 13.5 ग्रॅम, तर मीठ अवघे 2.6 ग्रॅम असते. वजनात एवढी तफावत. पण मोजणी केली तर ग्लुकोज 75 मिलिमोल, आणि मीठ व सायट्रेट यांतून मिळणारे सोडियमही 75 मिलिमोलच! आतड्यात ग्लुकोज सोडियमला सोबत घेऊन शोषले जाते, म्हणून ही जुळणी. लिटरभर पाण्यासाठी असलेली पुडी कोणी अर्ध्या लिटरात विरघळविली, तर संहती दुप्पट होते आणि औषधच तान्ह्या मुलाच्या जिवावर बेतू शकते. 'द्रावणाची संहती काढा' या रुक्ष प्रश्नामागे एवढा अर्थ दडलेला आहे.

अभ्यासक्रम मोठा आणि वेळ तोकडा, ही शिक्षकांची तक्रार खोटी नाही. परंतु तराजू आणि मोजपात्र यांच्यासह घालविलेला एक तास पुढील कित्येक तासांची घोकंपट्टी वाचवील. प्रत्येक उदाहरणात आकड्यांना हात लावण्यापूर्वी कण कोणते, कितीस किती आणि किती द्रावणात, हे तीन प्रश्न विद्यार्थ्याने स्वतःच्या शब्दांत सोडवावेत, आणि त्या विचारालाही गुण असावेत. नुसत्या अंतिम उत्तरावर खूण मागणारी परीक्षा आकडेमोड तपासते. समज तपासत नाही. सूत्र विसरले तर पुस्तकात सापडते, पण मोजण्याची दृष्टी एकदा हुकली की कोणतेही पुस्तक ती परत देऊ शकत नाही.