ताकद कमी नसते, आवर कमी पडतो

आमच्या चाळीतल्या एक ताई परवा हात दाखवायला आल्या. सकाळी बोटे वळत नाहीत, पाण्याचा तांब्या धरवत नाही. डॉक्टरांनी आमवात सांगितला. ताईंनी मात्र 'प्रतिकारशक्ती वाढवणारी' पावडर आणली होती, आठशे रुपयांची. म्हणाल्या, "भाऊ, अंगात ताकदच उरली नाही, म्हणून हे झालं ना?"

बंधू-भगिनींनो, इथेच आपली फसगत होते. रोगजंतूंशी लढणाऱ्या आपल्याच पेशी आमवातात सांध्यांवर उलटतात. लहान मुलांना होणाऱ्या टाइप-१ मधुमेहात त्या इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशी मारतात. इथे ताकद कमी नसते, आवर कमी पडतो.

हा आवर कोण घालते? छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. तिथे टी पेशी तयार होतात, आणि आपल्याच शरीरावर उठू शकणाऱ्या बहुतेक पेशी तिथेच बाद होतात. तरी काही निसटतात. जपानचे शास्त्रज्ञ शिमोन साकागुची यांनी पाहिले, की उंदराच्या पिलाची थायमस तिसऱ्या दिवशी काढली तर त्याचे शरीर स्वतःवरच उलटते, पण निरोगी उंदराच्या टी पेशी दिल्या तर ते वाचते. म्हणजे टी पेशींतच काही आवरणाऱ्या होत्या. १९९५ साली त्यांनी त्या ओळखून दाखवल्या. त्यांना नियामक टी पेशी म्हणतात.

टी पेशींना वाढायला इंटरल्युकिन-२ हे द्रव्य लागते. नियामक पेशी ते स्वतःच शोषून घेतात आणि हल्लेखोरांची रसद तोडतात. हल्ल्याला चेतवणाऱ्या पेशींनाही त्या गप्प करतात.

२००१ साली अमेरिकेत मेरी ब्रन्को आणि फ्रेड रॅम्सडेल यांना फॉक्सपी-३ हे जनुक सापडले. ते बिघडले तर नियामक पेशी नीट घडत नाहीत. असा बिघाड घेऊन जन्मलेल्या मुलग्यांना तान्हेपणीच जुलाब, मधुमेह, त्वचारोग घेरतात. या तिघांना २०२५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

या पेशी वाढवून रोग आवरण्याचे उपचार अजून चाचणीतच आहेत. आज हाती आहेत त्या डॉक्टरांच्या गोळ्या. त्या मधेच सोडल्या तर सांधे कायमचे वाकडे होऊ शकतात. ताईंना एवढेच सांगितले, पावडरचा डबा डॉक्टरांना दाखवा, आणि गोळी मात्र चुकवू नका.