थोडं दाबा, बसेल!

१९९५ मध्ये 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे'मधला राज सरसोंच्या शेतात मॅन्डोलिन घेऊन उभा राहिला आणि आपल्यातल्या निम्म्या पोरांना वाटलं, बस्स, आयुष्यात एवढंच करायचं! पण बॉस, एक प्रश्न तेव्हा कुणालाच पडला नाही. लंडनहून पंजाबपर्यंत पठ्ठ्याने ते आणलं कशात?

मला हा प्रश्न पडला तो शिरूरच्या एसटी स्टँडवर, आणि फार उशिरा.

माझे काका दौंडला रेल्वेत होते. ड्यूटीवरून आले की क्वार्टरच्या पायरीवर बसून मॅन्डोलिन वाजवायचे. रिटायर झाले, बोटं आखडली, तेव्हा त्यांनी ते मला दिलं. मी एका पातळ कापडी कव्हरमध्ये घातलं, एसटीच्या वरच्या रॅकवर टाकलं आणि निघालो. चौफुला, न्हावरे, शिरूर. उसाच्या ट्रॉल्या, स्पीडब्रेकर, अर्जंट ब्रेक... धप्प! स्टँडवर उतरून चेन उघडली तर खुंट्यांच्या मागे, जिथे मान संपते तिथे, लांबलचक भेग.

काकांना फोन केला. दोन सेकंद शांतता. मग म्हणाले, "अरे, वाद्य होतं ते. कांद्याची पिशवी नव्हती."

भेग सरस लावून जुळली. आवाजही परत आला. पण अंगठा फिरवला की ती रेघ आजही लागते. म्हणून हा सगळा उपद्व्याप, केस शोधण्याचा.

पहिला फंडा: नेमकं मोडतं काय? मॅन्डोलिनला आठ तारा, दोन-दोनच्या चार जोड्या. सूर व्हायोलिनचेच, पण ताण सगळा मिळून ७०-८० किलोंच्या घरात. एवढा ताण सतत ओढून धरणारी ती बारीक मान. वाद्य पाठीवर पडलं की खुंट्यांचा भाग मागे झटका खातो आणि तिथेच तडकतो. म्हणजे केस नुसती जाड असून भागत नाही. मानेला खालून आधार हवा आणि खुंट्यांच्या मागे चक्क मोकळी जागा हवी. दुकानात झाकण उघडून आधी हेच बघा. मखमल कुठल्या रंगाची आहे ते नंतर!

दुसरा फंडा: माप. काकांचं मॅन्डोलिन जुन्या इटालियन पद्धतीचं, अर्ध्या कलिंगडासारखी गोल पाठ असलेलं. हल्ली जास्त दिसतात ती सपाट पाठीची. एका दुकानात मला सपाटवाली केस दाखवली. झाकण बोटभर वर राहत होतं. "थोडं दाबा, बसेल," दुकानदार म्हणाला. नाही दाबलं, आणि तुम्हीही दाबू नका. कारण झाकण आधी टेकतं ते घोडीवर. ही घोडी चिकटवलेली नसते, तारांच्या दाबानेच तबलीवर उभी असते. वरून जोर आला की ती सरकते, नाहीतर खालची तबली तडकते. घोडनदीच्या गावात राहून मला घोडी कळायला तिशी उलटावी लागली! तेव्हा टेप घेऊन जा आणि तीन मापं घ्या: एकूण लांबी, सगळ्यात रुंद भाग आणि घोडीपाशी खोली. मग वाद्य आत ठेवा, केस बंद करा, हलकेच हलवा. आतून टकटक आली तर ती केस तुमची नाही.

तिसरा फंडा: केस वाद्याची किंमत बघून नाही, तुमचा रोजचा प्रवास बघून घ्या. त्यातही सगळ्यात वाईट दहा मिनिटं कुठली, ते बघा.

शिरूरला रेल्वे नाही. आपला कारभार एसटीचा नाहीतर बाइकचा. बाइकवाल्यांना प्लायवूडची जड पेटी झेपत नाही. त्यांच्यासाठी कडक फोमची, पाठीवर दोन पट्टे असलेली केस बेस्ट. वजनाला हलकी आणि धक्का बऱ्यापैकी पिते. पट्टे मात्र आवळून घ्या, नाहीतर प्रत्येक खड्ड्यात तिचं बूड सीटवर आपटतं. एसटीत रॅक विसरा. केस मांडीवर.

दौंडचा माझा दोस्त गिटार घेऊन रोज ट्रेनने पुण्याला येतो. त्याची वाईट दहा मिनिटं वेगळी, चढण्या-उतरण्याच्या गर्दीची. तिथे धक्का नसतो, चेपणं असतं. वरच्या फळीवर ठेवावं तर त्यावर कुणाची तरी ट्रंक येणारच. अशा वेळी फोम दबतो. लाकडी किंवा फायबरची कडक केसच हवी, बिजागऱ्या आणि खटके मजबूत असलेली. नुसती मऊ बॅग घरातल्या घरात ठीक.

विमानाने जाणार असाल तर आधी एअरलाइनला विचारा. वाद्यच साधारण ७० सेंटिमीटरचं, आणि केबिन बॅगेची लांबी बऱ्याच ठिकाणी ५५ वर संपते.

आणि हो, कुठलीही केस उन्हापासून वाचवत नाही. मे महिन्यात बंद गाडीत सोडलेलं वाद्य भाजून निघतं, सरस मऊ पडतो, जोड सुटतात. लांबच्या प्रवासात तारा अर्धा सूर उतरवा. पण सगळ्या काढू नका, घोडी जागेवरून हलेल!

शेवटी मी गोल पाठीच्या मापाची कडक केस बनवून घेतली. जड आहे, पण मी बाइकवर नेत नाही. मागच्या रविवारी ती घेऊन दौंडला गेलो. काकांनी वाद्याकडे बघितलंच नाही. आधी दोन्ही खटके उघडले, मिटले, परत उघडले. मग मॅन्डोलिन काढून त्या रेघेवरून अंगठा फिरवला आणि वाजवायला बसले. बोटं अडखळत होती. मी काही बोललो नाही, तेही काही बोलले नाहीत.

निघताना तारा त्यांनीच उतरवल्या, केस त्यांनीच मिटली. "पोचल्यावर फोन कर."

"करतो काका, मी नीट जाईन."

"तुझं कोण विचारतंय? तू पडलास तरी उठशील!"