हप्ता अठरा महिन्यांचा, काम सात महिन्यांचं

नवा फोन घ्यायचा की नाही, हा प्रश्न निगडीच्या ओटा स्कीमपासून चाकणजवळच्या खराबवाडीच्या खोल्यांपर्यंत पोरांच्या डोक्यात घोळतोय. रॅम, प्रोसेसर, कॅमेरा सगळं तोंडपाठ. 'हातात महागडा फोन आणि वर सवलती पाहिजेत' असं खवचट बोलणाऱ्या पांढरपेशांना उत्तरसुद्धा द्यायचं नाही. चांगली वस्तू वापरायला आम्ही कुणाची परवानगी काढत नसतो. शिर्डीत २०१५ साली नर्सिंग शिकणाऱ्या आपल्या पोराचा जीव घेतला, मोबाईलवर बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली म्हणून. ती वाजायला साधा डबाही पुरतो.

तेव्हा घ्या. पण हिशोब करून घ्या.

या पट्ट्यात कंत्राटी आणि ट्रेनी पोरांना किती ठिकाणी सात महिन्यांनी ब्रेक देतात! २४० दिवस भरले तर हा हक्क सांगेल, ही मालकाची धास्ती. आणि फोनचा हप्ता बारा, कधी अठरा महिन्यांचा. आठव्या महिन्यात काय भरणार, घंटा? 'नो कॉस्ट ईएमआय' म्हणे! शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेनंच २०१३ साली बँकांना सुनावलं होतं. कुठं ते किमतीत लपतं, कुठं प्रोसेसिंग फीत. १९८७ साली स्कूटर-रिक्षाला कर्ज द्यायला निघालेली बजाजची फायनान्स कंपनी आज फोनलाही हप्ते लावते. तिचं नोंदणीकृत ऑफिस आपल्या आकुर्डीतच. पगार एका गेटातून बाहेर पडतो आणि हप्ता होऊन शेजारच्या गेटातून आत जातो. २०२५ साली तर बातमी आली, की हप्ता थकला तर फोन दुरूनच बंद करायची मुभा कर्जवाल्यांना द्यावी असा रिझर्व्ह बँकेत विचार चाललाय. फोन बंद म्हणजे ठेकेदाराचा कॉल बंद. म्हणजे पुढचं कामही गेलं.

मग जुनंच घासत बसायचं? तसंही नाही. नव्या कामगारानं पीएफचा यूएएन नंबर उमंग ॲपवर चेहरा दाखवून काढायचा, असा नियम १ ऑगस्ट २०२५ पासून आला. ते ॲप तुमच्या फोनवर चालत नसेल तर फोन बदला. रोखीनं, झेपेल तेवढ्याचा, सेकंडहँडही चालेल. नुसती बॅटरी उतरत असेल तर बॅटरी बदला.

आणि एक्स्चेंजवाल्याच्या हातात जुना फोन ठेवण्याआधी आत काय आहे ते बघा. वस्तीवरचा हल्ला, सुपरवायझरनं जातीवरून दिलेली शिवी यांचं रेकॉर्डिंग असेल तर तो फोन पुरावा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे कॉपी दाखल करायची तर सोबत प्रमाणपत्र लागतं, त्यात फोनची माहिती भरावी लागते. फोनच विकला तर काय भरणार? व्हॉट्सॲपवर फिरून आलेली क्लिप समोरचा वकील चिंध्या करून टाकतो. हजार-दीड हजाराच्या सवलतीपायी ॲट्रॉसिटीची केस अशी हातची जाते. काही डिलीट करू नका, रीसेट मारू नका. फोन बंद करा, तारीख-वेळ-जागा कागदावर लिहून त्याला गुंडाळा, आईच्या ट्रंकेत ठेवा आणि वकिलाला सांगा.