फूल की दोन पाने?

माझे आजोळ सावंतवाडीच्या बाजूचे. तिथे ग्रामदेवतेच्या देवळात कौल लावतात. लहानपणी एकदा मामाचे बोट धरून तो पाहायला गेलो होतो. मामा आणि त्याचा चुलतभाऊ यांच्यात बांधावरून तंटा चालू होता. जागा म्हणाल तर दोन माड आणि एक फणस मावेल एवढी, पण तिच्यापायी दोन घरांचे जाणे-येणे बंद झालेले. गुरवाने पाषाणाला पाणी लावले आणि ओल्या पाकळ्या एकेक करून चिकटवल्या. उजव्या अंगाची आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मग मामाने गाऱ्हाणे घातले : जागा आमची आहे का, असली तर फणसात त्याला वाटा द्यावा लागेल का, आणि कोर्टात गेलो तर निकाल आमच्या बाजूने लागेल का.

गुरवाने मान हलवली. म्हणाला, "एका पाकळेर तीन प्रश्न बसनत नाय रे."

मामाला गाऱ्हाणे पुन्हा घालावे लागले, एकाच प्रश्नाचे.

पुढे गोव्याच्या जनमत कौलाविषयी वाचताना मला हा गुरव हटकून आठवायचा. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्याच्या मतदाराला एकच गोष्ट विचारली गेली : महाराष्ट्रात विलीन व्हायचे, की केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळे राहायचे? विलीनीकरणाची खूण फूल, वेगळे राहण्याची खूण दोन पाने. देवळातला कौल पाकळ्यांनी लागतो आणि राज्याचा कौलही फुला-पानांवर लागला, हा योगायोग गोव्यालाच शोभतो.

हा कौल घ्यायची वेळ का आली? पोर्तुगीज १९६१ च्या डिसेंबरात गेले. १९६३ च्या डिसेंबरात पहिली विधानसभा निवडणूक झाली. दयानंद बांदोडकरांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाने विलीनीकरणाचा झेंडा उघडपणे हातात घेऊन ती लढवली. तीस जागांपैकी मगोपला चौदा मिळाल्या, जॅक सिक्वेरांच्या युनायटेड गोवन्स पक्षाला बारा. गोव्यातल्या एकाही मतदारसंघात काँग्रेसला खाते उघडता आले नाही. बांदोडकर मुख्यमंत्री झाले आणि मगोपने म्हटले, आम्ही निवडून आलो हाच कौल, आता विधानसभेच्या ठरावावर विलीनीकरण करा. सिक्वेरांचा आग्रह उलटा होता. निवडणूक वेगळी आणि हा प्रश्न वेगळा, तो थेट लोकांनाच विचारा. दिल्लीने अखेर त्यांचे ऐकले. १९६६ च्या डिसेंबरात संसदेने त्यासाठी कायदा केला. मतदान निःपक्ष व्हावे म्हणून त्याच महिन्यात बांदोडकरांनी राजीनामा दिला आणि गोव्यात राष्ट्रपती राजवट आली.

महाराष्ट्रात बसून आपण या लढ्याकडे मराठी विरुद्ध कोंकणी असे पाहतो. तेवढेच ते नव्हते. बांदोडकरांच्या मागे उभा असलेला बहुजन समाज भाटकारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या, जमिनीत राबणारा होता. महाराष्ट्रात गेलो तर कुळाला जमीन मिळेल, पोरांना शाळा आणि नोकरी मिळेल, भाटकाराचा वरचष्मा संपेल, ही त्याची आशा होती. समोरच्या बाजूला भीती होती. एवढ्या मोठ्या राज्यात आपण एक जिल्हा होऊन बसू, निर्णय मुंबईत होतील, महाराष्ट्रातली दारूबंदी आली तर माडी काढणाऱ्या रेंदेराच्या पोटावर पाय येईल. सगळ्यात गंमत म्हणजे विलीनीकरणाच्या विरोधातली धारदार लेखणी मराठीतून चालली. मडगावच्या 'राष्ट्रमत' या मराठी दैनिकात उदय भेंब्रे 'ब्रह्मास्त्र' नावाचे सदर लिहीत. मराठी वाचणाऱ्याला मराठीतूनच सांगत की तुझे घर वेगळे आहे. इतक्या नेमक्या जागी लागलेले सदर पाहून कुठल्याही सदरलेखकाला हेवा वाटावा. दुसरीकडे दैनिक 'गोमन्तक' तितक्याच जोरात विलीनीकरणाची बाजू लढवत होता. तिसरीकडे उल्हास बुयांव गावोगाव कोंकणी गाणी गात फिरत होते, आणि 'तुमचें मत दोन पानांक' हे घोषवाक्य तोंडोतोंडी झाले होते.

मतदान झाले ३,१७,६३३. दोन पानांना १,७२,१९१, फुलाला १,३८,१७०. फरक ३४,०२१ मतांचा. उरलेली सव्वासात हजारांवर मते बाद. गोवा वेगळा राहिला.

खरी गोष्ट याच्या पुढची आहे. कौलानंतर अडीच महिन्यांच्या आत, मार्च १९६७ मध्ये, विधानसभेची निवडणूक झाली. ज्या मतदारांनी मगोपचा जीव की प्राण असलेला प्रश्न फेटाळला होता, त्यांनीच मगोपच्या सोळा उमेदवारांना निवडून दिले. युनायटेड गोवन्स पुन्हा बारावर राहिले. बांदोडकर परत मुख्यमंत्री झाले आणि १९७३ च्या ऑगस्टमध्ये त्यांचे निधन होईपर्यंत त्या खुर्चीवर राहिले. विलीनीकरण नको, पण विलीनीकरणवाला हवा! मुंबई-पुण्यात अनेकांना हे कोडे वाटले. माझ्या मते त्यात कोडे काहीच नाही. जानेवारीत प्रश्न घराच्या नावाचा होता, मार्चमध्ये घर कोणी चालवायचे याचा. लोकांनी दोन वेगळ्या प्रश्नांना दोन वेगळी उत्तरे दिली. जानेवारीत कौल घेतलाच नसता, तर मार्चचा निकाल दाखवून मगोपला म्हणता आले असते की बघा, गोव्याला महाराष्ट्र हवा आहे. आणि ते धादांत चूक ठरले असते.

असेच आपल्याकडेही घडले आहे. १९५७ मध्ये पश्चिम महाराष्ट्राने मराठी भाषकांचे राज्य मागणाऱ्या संयुक्त महाराष्ट्र समितीला भरभरून मते दिली. १ मे १९६० रोजी राज्य झाले, आणि १९६२ मध्ये त्याच महाराष्ट्राने काँग्रेसला २६४ पैकी २१५ जागा दिल्या. समितीची मते काँग्रेसविरोधाची होती असे समजून जे गाफील राहिले, त्यांचा हिशेब चुकला.

आता बेळगाव. गोव्याच्या कौलाची तयारी चालू होती त्याच सुमारास, २५ ऑक्टोबर १९६६ रोजी, दिल्लीने महाराष्ट्र आणि म्हैसूर (आजचे कर्नाटक) यांच्या सीमावादासाठी एक आयोग नेमला. गोव्यात विचारले माणसांना, बेळगावसाठी नेमले एका माणसाला. तो माणूस म्हणजे माजी सरन्यायाधीश मेहरचंद महाजन. त्यांची कारकीर्द पाहिली की थबकायला होते. १९४७ मध्ये पंजाबची फाळणी करणाऱ्या रॅडक्लिफ यांच्या सीमा आयोगाचे ते सदस्य होते. त्याच साली ऑक्टोबरात, काश्मीर भारतात सामील झाले तेव्हा, ते काश्मीरचे पंतप्रधान होते. देशाच्या तीन भळभळत्या सीमांवर हजर राहिलेला हा एकच माणूस. १९६७ च्या ऑगस्टमध्ये त्यांचा अहवाल आला. बेळगाव म्हैसूरकडेच ठेवावे, असे त्यात म्हटले होते. महाराष्ट्राने तो नाकारला, कर्नाटक त्यावर ठाम राहिले. २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला.

बेळगावकराला 'कुठे राहायचे?' असा एकच प्रश्न, एकाच मतपत्रिकेवर, कधी विचारलाच गेला नाही. म्हणून तिथली प्रत्येक निवडणूक कौल म्हणून वाचली जाते. सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीचे आमदार निवडून आले की आपल्याकडे मथळे येतात, सीमाभागाचा कौल महाराष्ट्राला. समिती हरली की तिकडे म्हणतात, प्रश्न संपला. २०१३ मध्ये समितीचे दोन आमदार होते, २०१८ आणि २०२३ मध्ये एकही नाही. यावरून बेळगावच्या मराठी माणसाने महाराष्ट्राचा नाद सोडला असे म्हणायचे का? गोव्याचा धडा सांगतो की नाही म्हणता येत. आणि तोच धडा हेही सांगतो की २०१३ चे दोन आमदार म्हणजेही विलीनीकरणाची मागणी नव्हे. मतदार नळाच्या पाण्यासाठी, रस्त्यासाठी, जातीसाठी, समितीतल्या भांडणाच्या रागापायी, कशासाठीही मत देतो. एका पाकळीवर तो पन्नास प्रश्न ठेवतो, आणि निकालाच्या रात्री आपण त्यातला आपल्याला हवा तो वाचतो.

थेट कौल घेतला की सगळे सुरळीत होते, असेही नाही. कोणाला विचारायचे आणि मते कशी मोजायची, यावर बरेच ठरते. पहिल्या महायुद्धानंतर डेन्मार्क आणि जर्मनी यांच्यामधल्या श्लेस्विग प्रांतात १९२० मध्ये दोन टप्प्यांत मतदान झाले. उत्तरेचा पट्टा एकगठ्ठा मोजायचा असे आधीच ठरले होते. पट्ट्याने डेन्मार्कला कौल दिला, पण त्यातल्या टॉन्डर गावात चारांतली तीन मते जर्मनीला होती. गाव तरीही डेन्मार्कमध्ये गेले. दक्षिणेच्या पट्ट्याने जर्मनी निवडली. तिथेही डॅनिश बोलणारी घरे मागे राहिली. हिटलरने १९४० मध्ये अख्खा डेन्मार्क व्यापला, पण ही रेषा हलवली नाही. १९५५ मध्ये दोन्ही सरकारांनी जाहीर निवेदने काढून आपापल्या हद्दीतल्या पलीकडच्या भाषिकांना त्यांच्या शाळांची आणि हक्कांची हमी दिली. आज तिथे सीमा आहे, तंटा नाही.

आपल्या जुन्या दप्तरात या हमीलाही कौलच म्हणत. ओसाड जमिनीवर रयत पुन्हा वसवायची तर सरकार लेखी अभय द्यायचे, तो कौल. म्हणजे शब्दाला दोन अंगे आहेत. एक कौल आपण लावतो आणि एक कौल राज्यकर्त्याने द्यायचा असतो. गोव्यात पहिला लागला आणि हरलेल्यालाही राज्य करू दिल्याने तो टिकला. बेळगावात पहिला कधी लागला नाही, आणि दुसरा, म्हणजे मराठीतून सरकारी कागद आणि नीट चालणारी मराठी शाळा, अजून मागावाच लागतो. महाराष्ट्रात राहणाऱ्या कानडी माणसालाही तो त्याने मागण्याआधी आपण द्यायला हवा, हे ओघानेच आले.

मामाचा कौल डावा पडला होता. तो घरी येऊन दोन दिवस जेवला नाही, तिसऱ्या दिवशी मात्र स्वतः जाऊन बांधाचा दगड चुलतभावाच्या म्हणण्याप्रमाणे सरकवून आला. बेळगावचा दावा न्यायालयात दाखल होऊन वीस वर्षे उलटून गेली. त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. तोवर एवढेच करा : पुढच्या वेळी बेळगावात निवडणूक झाली आणि कोणी निकालाला सीमेचा कौल म्हणू लागला, तर त्याला विचारा, मतदाराला नेमके काय विचारले होते?