कपाटातली जिनवाणी आणि बाकावरचे पुस्तक



वाचून झालेले पुस्तक दवाखान्याच्या बाकावर ठेवून निघून यायचे, ज्याला हवे त्याने उचलून न्यावे, असे कुणी सुचवले की आपल्या महिला मंडळात लगेच आक्षेप येतो. "पुस्तक असे वाऱ्यावर सोडायचे? हा ज्ञानाचा अविनय नाही का?"

अविनय तर आपल्या घरातच होतो आहे. दशलक्षण पर्वात प्रभावना म्हणून मिळालेल्या पुस्तिका कपाटातून काढून मोजा. त्यातल्या किती उघडल्या गेल्या? पहिल्या दोन पानांवर दातारांचे फोटो, पुढची पाने कोरी करकरीत. मी कॉमर्स शिकले आहे. वर्षानुवर्षे न हलणाऱ्या मालाला आम्ही डेड स्टॉक म्हणतो.

श्रुतपंचमीला आपण ग्रंथांवरची धूळ झटकतो, नवे वेष्टन घालतो आणि परत कुलपात ठेवतो. पण तो दिवस कशाचा? आपल्याबरोबर ज्ञान संपेल या चिंतेने धरसेनाचार्यांनी पुष्पदंत आणि भूतबली या दोन मुनींना शिकवले. त्यांनी षट्खंडागम लिहिला, तो पूर्ण झाल्याचा हा दिवस. ज्ञान दुसऱ्याच्या हाती जावे म्हणून जो सण आला, त्या दिवशी आपण कुलूप लावतो!

शास्त्रदानाचा दृष्टांत म्हणून रत्नकरंड श्रावकाचारात कौंडेशाचे नाव आहे. त्याच्या पूर्वजन्माची कथा आठवा. गोविंद नावाच्या गुराख्याला झाडाच्या ढोलीत शास्त्र सापडले. त्याने ते भक्तीने जपले आणि मुनींना दिले. सापडलेला ग्रंथ पुढे देणारा गुराखी आपल्याला पूज्य, मग बाकावरचे पुस्तक उचलणाऱ्या अनोळखी माणसावर एवढा संशय का?

सातारा जिल्ह्यातल्या भिलारमध्ये ४ मे २०१७ पासून लोकांच्या घरांत, देवळांत, शाळेत पुस्तके ठेवली आहेत. कुणीही यावे, बसावे, वाचावे. स्ट्रॉबेरी पिकवणाऱ्या गावाने दार उघडे ठेवले, आपल्याला एक कपाट उघडवत नाही?

मात्र धरबंध हवा. आगमग्रंथ आणि पूजापाठाची पुस्तके बाकावर ठेवू नका, ती हातातून हातात द्या. कथा, चरित्रे, मुलांची पुस्तके ठेवा. फाटकी गाईडे खपवणे म्हणजे दान नव्हे, ती अडगळ काढणे झाली. विठ्ठलवाडी स्टेशनवर पिशवीत बांधलेले काही सोडू नका. ११ जुलै २००६ च्या लोकलमधल्या स्फोटांनंतर बेवारस पिशवी दिसली की माणसे घाबरतात, आणि ते रास्तच आहे. त्यापेक्षा दवाखाना, पार्लर, पिठाची गिरणी अशी जिथे माणसे ताटकळतात ती जागा बरी. तिथल्या माणसाला विचारून पुस्तक उघडेच ठेवा. आत लिहा : 'हे हरवलेले नाही. न्या, वाचा, पुढे द्या.' आपले नाव घालू नका. आणि फाळणीनंतर सिंधी निर्वासितांच्या छावण्यांतून वसलेले हे शहर आहे, म्हणून मराठीबरोबर हिंदी पुस्तकेही ठेवा.

"कुणी रद्दीत विकले तर?" विकेल एखादा. आहारदान दिल्यावर किती घास खाल्ले हे आपण मोजत नाही. कपाटात मात्र त्या पुस्तकाला वाचक मिळणार नाही, हे पक्के.

या चातुर्मासात प्रत्येकीने चार पुस्तके बाहेर काढावीत. नवी पुस्तिका छापायची वर्गणी मागायला कुणी आले, तर आधी विचारा : मागच्या वर्षीची कुणी वाचली?