तारा नसलेली गिटार

साहित्याच्या अध्यापकाने व्हिडिओ गेमच्या कंट्रोलरविषयी लिहावे, हे काही वाचकांना अनाठायी वाटेल. काही वर्षांपूर्वी मलाही तसेच वाटले असते. एम.ए.च्या वर्गात 'संहिता' ही संकल्पना शिकवत असताना एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, गेमला संहिता म्हणता येईल का?" मी सवयीने सांगून टाकले, की ज्याच्याकडे पुन्हा पुन्हा परत जाता येते आणि दरवेळी ज्यातून नवा अर्थ हाती लागतो, ते सारे संहिताच. त्यावर तो म्हणाला, "पण सर, मला ज्या गेमवर लिहायचंय तो आता उघडतच नाही. कंपनीने सर्व्हर बंद केला." माझ्या व्याख्येतला 'पुन्हा' हा शब्द तिथेच अडखळला. प्रस्तुत टिपण त्या अडखळण्यातून आले आहे.

या व्यवसायाची घडण आधी पाहू. कन्सोल म्हणजे मूळ यंत्र. ते अनेकदा अत्यल्प नफ्यावर, प्रसंगी तोट्यातही विकले जाते. कमाई होते ती गेम, कंट्रोलर, हेडसेट आणि वर्गणी यांतून. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, ही आपली म्हण इथे व्यापारनीती होऊन बसली आहे. 2002 च्या नोव्हेंबरात मायक्रोसॉफ्टने 'एक्सबॉक्स लाइव्ह' सुरू केले तेव्हा वर्षभराची वर्गणी आणि बोलण्यासाठीचा हेडसेट एकाच खोक्यात विकला. साधन आणि वर्गणी यांची गाठ तेव्हापासून पक्की होत गेली. सोनीच्या 'प्लेस्टेशन 3' वर ऑनलाइन खेळणे विनामूल्य होते. 2013 च्या 'प्लेस्टेशन 4' पासून बहुतेक गेम इतरांशी ऑनलाइन खेळण्यासाठी वर्गणी आवश्यक झाली. निन्टेन्डोने 2018 मध्ये तीच वाट धरली आणि जुन्या घडणीचे कंट्रोलर नव्याने काढून ते केवळ वर्गणीदारांनाच विकले. 2024 च्या 'प्लेस्टेशन 5 प्रो' मध्ये तर तबकडी वाचणारा भागच नाही. तो वेगळा विकत घ्यावा लागतो आणि प्रथम जोडताना इंटरनेट लागते. ग्रंथालयात दिवा वेगळा, चष्मा वेगळा, आणि पान उलटण्यापूर्वी प्रकाशकाची परवानगी वेगळी, असा हा प्रकार.

आता शीर्षकातल्या गिटारविषयी. 2005 साली 'गिटार हीरो' हा गेम आला. त्याची प्रकाशक 'रेडऑक्टेन' ही कंपनी आधी नाचाच्या गेमसाठी पायाखालच्या चटया बनवीत असे. म्हणजे इथे उपसाधन बनवणाराच कृतीचा प्रकाशक झाला. प्लॅस्टिकची, तारांऐवजी बटणे असलेली ती गिटार घराघरांत गेली. 2015 मध्ये अ‍ॅक्टिव्हिजनने 'गिटार हीरो लाइव्ह' काढला. त्याची गिटार नवी होती, सहा बटणांची. जुनी तिथे चालत नसे. तबकडीवर 42 गाणी होती, बाकीची शेकडो सर्व्हरवरून येत. ती कायमची विकत घेण्याची सोयच नव्हती; हवे ते गाणे निवडायचे तर प्रत्येक वादनाचे मोल द्यायचे. 1 डिसेंबर 2018 रोजी सर्व्हर बंद झाला आणि 484 गाण्यांपैकी 42 उरली. अमेरिकेतल्या अलीकडच्या ग्राहकांना कंपनीने पुढे पैसे परत देऊ केले, हेही नमूद केले पाहिजे. पैसे परत मिळाले, गाणी मात्र परत आली नाहीत.

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो गंभीर आहे. सर्व्हर चालवायला खर्च येतो, गाण्यांचे परवाने मुदतीचे असतात. व्यापाऱ्याने तोट्याचे दुकान अनंतकाळ का उघडे ठेवावे? शिवाय प्रयोगकलांमध्ये नाहीसे होणे नवे नाही. नाटकाचा प्रयोगही पडदा पडताच विरतो.

नाटकाचा दाखला मला मान्य आहे, आणि माझा मुद्दा तिथूनच सुरू होतो. किर्लोस्करांचे 'सौभद्र' 1882 मध्ये रंगभूमीवर आले. तो प्रयोग गेला, ते गळे गेले, ती मंडळीही गेली. पण संहिता उरली, म्हणून आजही एखादे गाव ते नाटक बसवू शकते. सर्व्हरवर वसलेल्या गेमच्या बाबतीत प्रयोग आणि संहिता एकाच वेळी जातात. 2014 चा 'द क्रू' हा मोटारींचा गेम एकट्यानेही खेळता येई. तरी जोडणी अनिवार्य होती. 31 मार्च 2024 ला युबिसॉफ्टने सर्व्हर बंद करताच पैसे मोजून घेतलेली तबकडीही निरुपयोगी झाली. त्यातून युरोपात नागरिकांची चळवळ उभी राहिली आणि 2025 मध्ये तिच्या मागणीपत्रावर दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. मागणी माफक आहे: दुकान खुशाल बंद करा, पण विकलेली वस्तू चालेल अशा स्थितीत सोडून जा. हे अशक्य नाही. 'द क्रू' च्या पुढच्या भागांना ऑफलाइन खेळण्याची सोय देण्याचे त्याच कंपनीने 2024 मध्ये जाहीर केले.

उपसाधनांची दुसरी बाजू सांगितली नाही तर ते अन्यायाचे होईल. 2018 चा 'एक्सबॉक्स अ‍ॅडॅप्टिव्ह कंट्रोलर' अपंग खेळाडूंसाठी घडवलेला आहे. त्याला साध्या जॅकने कोणाचीही बटणे जोडता येतात. हात न चालणारा माणूस पायाने खेळू शकतो. इथे उपसाधन दार उघडते. पण त्याच कंपनीने 2023 मध्ये परवाना नसलेली साधने आपल्या यंत्रांवर बंद पाडण्याचे धोरण घेतले, तेव्हा अपंगांसाठी काम करणारेच प्रथम चिंतेत पडले. दार उघडणाराच कडीही आपल्या हाती ठेवतो.

आपण मराठीच्या माणसांनी याची काळजी का करावी? एक कारण असे, की हीच व्यवस्था पुस्तकांकडे कधीच पोचली आहे. 2009 मध्ये अ‍ॅमेझॉनने ग्राहकांच्या किंडलवरून ऑर्वेलची '1984' दुरून पुसली. दुसरे कारण अधिक जवळचे. 1954 च्या कायद्यानुसार आपल्याकडे प्रकाशित होणाऱ्या पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयालाही द्यावी लागते. कृती प्रकाशकाच्या मर्जीपलीकडे उरली पाहिजे, हे समाजाने तिथे मान्य केले आहे. 2025 च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याचा रोख पैशांच्या डावांवर आहे. खेळाच्या जतनाचा प्रश्न त्याच्या कक्षेत येत नाही.

माझ्या विद्यार्थ्याने शेवटी निबंध लिहिला. इतरांनी खेळताना टिपलेल्या चित्रफिती पाहून लिहिला. न पाहिलेल्या नाटकावर जुन्या परीक्षणांवरून लिहावे तसा. निबंध चांगला होता. मात्र तळटीपेत त्याने प्रामाणिकपणे नोंदवले होते: 'प्रस्तुत संहिता अभ्यासकास उपलब्ध झाली नाही.' हे वाक्य आपण महानुभावांच्या हरवलेल्या पोथ्यांविषयी वाचत आलो आहोत. त्याच्या गेमला बंद होऊन अवघी तीन वर्षे झाली होती.