झिप फाईल नको, कोडचा इतिहास मागा

वेबसाईट किंवा बिलिंगचं सॉफ्टवेअर करून घेताना आपण पैशांची घासाघीस चांगली करतो, आणि काम संपलं की डेव्हलपरकडून एक झिप फाईल घेऊन मोकळे होतो. माझं मत स्पष्ट आहे. शेवटचा हप्ता देण्याआधी गिट रिपॉझिटरी स्वतःच्या खात्यावर घ्या, सगळ्या जुन्या बदलांच्या नोंदींसकट.

समजा, तुमचा पॅकबंद फरसाणाचा धंदा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून त्यावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. सॉफ्टवेअरमध्ये दर बदलला, पण एका ओळीत १२ तसाच दिसतोय. नवा डेव्हलपर म्हणतो, "राहून गेलंय, बदलून टाकतो." थांबा! जुन्या दराने विकलेला माल परत आला तर क्रेडिट नोट जुन्याच दराने काढावी लागते. ती ओळ त्यासाठी मुद्दाम ठेवलेली असू शकते. मग कळणार कसं?

त्यासाठी 'गिट ब्लेम' आहे. फाईलमधल्या प्रत्येक ओळीसमोर ती शेवटची कोणी बदलली, कधी आणि कुठल्या कमिटमध्ये, हे दिसतं. कमिट उघडलं की बदलाचं कारण वाचता येतं. कोड गिटहबवर असेल तर फाईल उघडून 'ब्लेम' बटण दाबा, झालं. प्रोग्रामिंग यायची गरज नाही.

मात्र समोर दिसलेल्या नावावर लगेच खापर फोडू नका हं. कुणी नुसत्या मोकळ्या जागा नीट केल्या तरी त्या ओळीवर त्याचंच नाव येतं. अशा वेळी 'डॅश डब्ल्यू' लावून पुन्हा बघायला सांगा, मोकळ्या जागांचे बदल वगळले जातात. मुळात 'ब्लेम' हे नावच वाईट. सबव्हर्जन नावाच्या जुन्या टूलमध्ये हीच आज्ञा 'प्रेज' म्हणजे कौतुक म्हणूनही चालते! आपल्याला माणूस नाही, कारण शोधायचंय.

आणि कारण लिहिलेलंच नसेल तर? "अपडेट", "फिक्स" एवढंच लिहिलेल्या कमिटचा काही उपयोग नाही. म्हणून करारातच घाला: प्रत्येक बदलाचं कारण एका ओळीत लिहायचं, मराठीत लिहिलं तरी चालेल. रिपॉझिटरीचा ॲक्सेसही पहिल्या दिवसापासून घ्या. काही जण काम संपल्यावर सगळा कोड एकाच कमिटमध्ये टाकून देतात. मग प्रत्येक ओळीसमोर एकच नाव आणि एकच तारीख दिसते.